थंडीत पळताना पोटऱ्या आखडतात

प्रश्न : क्लबसोबत पहाटे शिवाजी पार्कला पळते, पण पहिल्याच राउंडला पोटऱ्या आखडतात, घसा पण खवखवतो. थंडीपुरतं बंद करू का?
- एक वाचक, दादर

उत्तर : बंद कशाला करताय ताई! मुंबईची थंडी ती केवढी, पहाटे १६-१८ डिग्री, पण झोपेतून उठलेले पाय आखडलेलेच असतात, म्हणून आल्याआल्या स्पीड नको, आधी दहा-पंधरा मिनिटं हळू जॉगिंग, मग गुडघे वर उचलत, टाचा मागे मारत थोडं पळायचं आणि अंग गरम झालं की मगच जोर लावा. ताणून धरायचं स्ट्रेचिंग शेवटी. घशाचं म्हणाल तर बहुतेक हवेमुळे, हिवाळ्यात वारा पडतो आणि धूळ-धूर खालीच साचतो. एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, २००च्या वर असेल तर कोचना सरळ सांगा, आज घरीच व्यायाम करते. छातीत घरघर झाली तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.