घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधल्या वेदर रडारवर समोरचा ढग का दिसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये वेगळे विकत घेतलेले वेदर रडार बसवले आहे. मुंबईहून नागपूरला जाताना काचेतून समोर काळे ढग दिसत असूनही त्याचा पडदा कोरा राहतो, आणि पल्ला १६० सागरी मैल ठेवला तर पडद्याचा निम्म्याहून अधिक भाग कायम रिकामाच असतो. तेव्हा उपकरण बिघडले आहे की ते हाताळण्यात काही राहून जाते आहे, असे तुम्ही विचारले आहे.

उपकरण बहुधा ठीक आहे. पडदा चालतो की नाही याची शंका असेल तर आधी रडार टेस्टवर ठेवून पाहा. हिरवे, पिवळे, लाल असे रंगांचे पट्टे उमटले म्हणजे चित्र काढण्याची बाजू सुरळीत आहे. तुम्हाला दिसणाऱ्या दोन्ही गोष्टींची कारणे दुसरीकडे आहेत. एक कारण सिम्युलेटरच्या पोटात आहे आणि दुसरे टिल्टच्या, म्हणजे रडारचा झोत वर-खाली झुकवण्याच्या बटणात.

खऱ्या विमानातले वेदर रडार नाकातल्या अँटेनातून सुमारे ९.३ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते. त्यांची लांबी साधारण ३ सेंटिमीटर असते आणि त्या मुख्यतः पावसाच्या थेंबांवरून परत येतात. सिम्युलेटरमध्ये मात्र कोणतीच लहर जात नाही आणि परतही येत नाही. रडारचा प्रोग्रॅम सिमकनेक्ट या दुव्यामार्फत सिम्युलेटरला विचारतो की अमुक अक्षांश-रेखांशांच्या आणि अमुक ते तमुक उंचीच्या चौकटीत ढग किती दाट आहेत. उत्तरादाखल त्याला ६४ बाय ६४ घरांचा एक तक्ता मिळतो आणि प्रत्येक घरात ० ते २५५ यांमधला एक आकडा असतो. पडद्यावरचे चित्र या ४,०९६ आकड्यांवरून रंगवलेले असते.

यातून तीन गोष्टी निघतात, आणि माझ्या मते त्या समजल्याशिवाय कोणत्याही ॲड-ऑन (सिम्युलेटरला वेगळे जोडलेल्या) रडारबद्दल मत बनवू नये. पहिली गोष्ट म्हणजे, सिम्युलेटर साऱ्या जगाचे हवामान एकाच वेळी चालवत नाही; तुमच्या विमानाभोवती सुमारे १२८ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळातलेच चालवतो आणि त्याबाहेरच्या घरांत शून्य भरून देतो. विमान सांताक्रूझच्या धावपट्टीवर उभे असेल तर पुणे या वर्तुळात जेमतेम येते, नाशिक येत नाही. १२८ किलोमीटर म्हणजे जवळपास ७० सागरी मैल, त्यामुळे १६० मैलांच्या पल्ल्यावर वरचा भाग रिकामा दिसणे अटळ आहे. त्या रिकामेपणाला स्वच्छ आकाश समजू नका आणि पल्ला ८० किंवा ४० मैलांवर ठेवा. दुसरी गोष्ट, हे पूर्ण वर्तुळ मावेल अशी चौकट मागितली तर एकेक घर ४ किलोमीटरचे होते आणि वादळी ढगाचा सगळा गाभा कधी कधी एकाच घरात मावतो. म्हणूनच कडा ठोकळ्यांसारख्या दिसतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की तो आकडा ढगाच्या दाटपणाचा आहे, पावसाचा नाही. खरे रडार कोरड्या पांढऱ्या ढगातून जवळजवळ काहीच न दाखवता आरपार पाहते, तर असे ॲड-ऑन पाऊस नसलेला जाड थरही रंगवू शकते.

काही रडारे सिम्युलेटरला न विचारता ॲक्टिव्ह स्कायसारख्या हवामानाच्या प्रोग्रॅमकडून थेट माहिती घेतात. ढग कुठे ठेवायचे हे तोच प्रोग्रॅम ठरवत असल्याने पाऊस कुठे आहे हेही त्याला ठाऊक असते, आणि चित्र बरेच विश्वासार्ह होते. तुमचे रडार कोणत्या प्रकारचे आहे हे त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्या. पैसे खर्च करायचे असतील तर मी दुसऱ्या प्रकारालाच पसंती देईन.

आता टिल्टकडे येतो, कारण समोरचा ढग पडद्यावर न दिसण्याचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते. रडारचा झोत विजेरीच्या झोतासारखा पुढे पसरत जातो आणि तो ज्या उंचीवर पडतो तिथलेच दाखवतो. हिशेबाचा नियम सोपा आहे : १ अंश झुकाव म्हणजे दर सागरी मैलामागे सुमारे १०० फूट. समजा तुम्ही ३५,००० फुटांवर आहात आणि टिल्ट शून्य आहे. झोताचा मध्य ३५,००० फुटांवरच राहतो, आणि तिथे ढगाचा माथा असलाच तर तो बर्फाच्या कणांचा असतो, ज्यांवरून लहरी फारच क्षीण परततात. भरघोस पाणी खाली असते. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंश तापमानाची पातळी साधारण १६,००० ते १८,००० फुटांवर असते, म्हणून झोत त्या सुमाराला पडला पाहिजे. ६० मैलांवरच्या ढगासाठी १७,००० फूट खाली पाहायचे, आणि त्या अंतरावर १ अंश म्हणजे ६,००० फूट, म्हणजे टिल्ट सुमारे २.८ अंश खाली हवा. पृथ्वीच्या वक्रतेमुळे यात थोडा फरक पडतो, पण सरावाला एवढे पुरते. तोच ढग ४० मैलांवर आला की त्याच टिल्टचा झोत जवळपास २४,००० फुटांवर पडतो, आणि ढगात काहीही बदल झालेला नसताना पडद्यावरचा लाल रंग पिवळा किंवा हिरवा होऊ लागतो. वादळ विरले असे वाटण्याचा धोका नेमका इथे असतो. विमान पुढे जाईल तसा टिल्ट थोडा थोडा खाली नेत राहिला पाहिजे. एकदा लावून सोडून द्यायचे हे बटण नाही.

ॲड-ऑनमध्ये मात्र एक मर्यादा आहे. सिम्युलेटरकडे चौकट मागता येते, शंकू मागता येत नाही. त्यामुळे प्रोग्रॅम तुमच्या टिल्टवरून वरच्या आणि खालच्या उंचीची एक पट्टी ठरवतो व ती पूर्ण चौकटीला लावतो, किंवा अनेक लहान चौकटी मागून शंकूच्या जवळ जाण्याचा प्रयत्न करतो. पहिली पद्धत असेल तर वरचे गणित अंतरानुसार बदलणार नाही. ओळखण्याची रीत अशी की एखाद्या ढगाकडे जाताना टिल्ट अजिबात न हलवता पाहत राहायचे; जवळ येऊनही रंग तसाच राहिला, तर तुमचे रडार पट्टीने काम करते असे समजावे. खरे रडार टिल्ट फार खाली नेल्यावर जमीनही दाखवते आणि मुंबईहून पूर्वेला वळताच ३५-४० मैलांवरची सह्याद्रीची धार त्यात ठळक उमटते. बऱ्याच ॲड-ऑनमध्ये ही सोय नसते.

ही मर्यादा ध्यानात ठेवावी असे आग्रहाने सांगण्याचे कारण अटेन्युएशन हे आहे. ३ सेंटिमीटरच्या लहरी जोरदार पावसातून जाताना क्षीण होतात, आणि लाल पट्ट्याच्या मागे जी काळी जागा दिसते ती मोकळी वाट नसून रडारची सावली असू शकते. ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेत सदर्न एअरवेजचे डीसी-९ विमान वादळात शिरले, पाऊस आणि गारा आत गेल्याने त्याची दोन्ही इंजिने बंद पडली आणि जॉर्जिया राज्यात रस्त्यावर उतरताना विमानातील ६३ व जमिनीवरील ९ माणसे दगावली. वादळी प्रदेशातून वाट काढण्यासाठी विमानातल्या रडारवर विसंबणे, याचा उल्लेख तपास अहवालात कारणांमध्ये आहे. तक्त्यातल्या आकड्यांवरून रंगवलेल्या चित्रात अशी सावली आपोआप पडत नाही. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मुद्दाम घालावी लागते. म्हणून सिम्युलेटरमध्ये दोन लाल ठिपक्यांमधल्या फटीतून विमान सुखरूप बाहेर पडले, तरी ती सवय लावून घेऊ नका. तीव्र वादळापासून किमान २० सागरी मैल दूर राहावे हा खऱ्या वैमानिकांचा नियम घरीही पाळावा, आणि शक्यतो वारा जिकडून येतो त्या बाजूने वळसा घ्यावा.

हवामान खात्याच्या कुलाबा किंवा वेरावली रडारचे चित्र शेजारी उघडून तुलना करण्याचा मोह मुंबईकराला होतोच, पण त्यातून फारसे काही हाती लागत नाही. हवामानाचे प्रोग्रॅम मुख्यतः विमानतळांच्या मेटार अहवालांवर, म्हणजे तिथल्या हवामानाच्या ठरावीक वेळच्या नोंदींवर चालतात. मुंबईच्या अहवालात गडगडाटी ढग आहे एवढे कळते, पण तो ठाण्यावर आहे की अलिबागवर हे बहुधा कळत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम तो अंदाजाने ठेवतो.

पुढे सिम्युलेटर बदलण्याचा विचार असेल तर एक सूचना आहे. प्रीपार३डी हा दुसरा सिम्युलेटर चौथ्या आवृत्तीपासून ६४ बिटचा आहे, त्यामुळे ३२ बिटचे जुने गेज (रडारसारख्या उपकरणांचे प्रोग्रॅम) त्यात लोडच होत नाहीत. नवी आवृत्ती मिळते का, हे विक्रेत्याला आधी विचारा.

सरावासाठी मुंबई-नागपूर हाच मार्ग ठेवा, पण हवामान जुलैचे घेऊ नका. जुलैत दूरवर पसरलेला सलग पाऊस असतो आणि टिल्टचा फरक त्यात नीट कळत नाही. मे किंवा ऑक्टोबरमधली दुपार घ्या, जेव्हा घाटापलीकडे सुटे, उंच वादळी ढग उभे राहतात. उड्डाणानंतर ५,००० फुटांवर टिल्ट ४ अंश वर ठेवा, म्हणजे २० मैलांवर झोत १३,००० फुटांवर पडेल. चढत जाल तसा तो हळूहळू खाली आणा, आणि ३५,००० फुटांवर पोहोचल्यावर ढग ६० मैलांवर असताना वरचा हिशेब लावून पाहा. तुमच्या रडारमध्ये तो जुळला नाही, तर रडारचे नाव आणि आवृत्ती कळवा; त्याची पुस्तिका पाहून पुढचे सांगता येईल.