पहिला हेडफोन अ‍ॅम्प आणि डॅक घेताना जास्त पैसे कशावर घालावेत?

तुम्ही लिहिलंय की सेनहायझरचा एचडी ६०० हेडफोन घेतलाय, लॅपटॉपवर शास्त्रीय संगीत ऐकता, आवाज पुरत नाही, वीस हजारांपर्यंत खर्चायची तयारी आहे, आणि एका मित्राने सांगितलंय, "सगळे पैसे डॅकवर घाल, अ‍ॅम्प कुठलाही चालतो." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून कित्येक वर्षं ऐकतोय.

तुमच्या मित्राचं उलटं आहे. डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारा भाग, अ‍ॅम्प म्हणजे तो सिग्नल हेडफोनला पुरेल एवढा मोठा करणारा. या हेडफोनला पैसे अ‍ॅम्पवर घाला. डॅकचा विचार सगळ्यात शेवटी.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो. दाजी राजारामपुरीत राहतात. गाण्याचा कान त्यांना खरोखर आहे, लहानपणापासून वडिलांबरोबर देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेत बसून तयार झालेला. राग सुरू झाला की दोन आवर्तनांत ते चूक काढतात. त्यांच्या त्या कानाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. त्यांनी हेडफोनपेक्षा महागडा डॅक घेतला आणि त्याला यूएसबीवर चालणारा एक छोटा अ‍ॅम्प जोडला, तिथून आमचा वाद सुरू झाला. दर रविवारी जेवायला गेलो की मला हेडफोन घालायला लावायचे. "ऐक, तानपुरा कसा मोकळा झालाय. ही डॅकची करामत."

मला ऐकू यायचं ते वेगळंच. जोरकस तान आली, तबल्याची थाप पडली की आवाज फाटत होता. एकदा व्होल्ट मोजायचा मीटर घेऊनच गेलो. अ‍ॅम्पच्या जॅकवर हेडफोनसकट जोडणी करून ५० हर्ट्झचा सूर वाजवला आणि व्हॉल्यूम चढवत नेला. दीड व्होल्टच्या आसपास आकडा अडकला. पुढे नुसतं बटण फिरायचं.

आता हिशोब बघा, कारण तुमचा हेडफोन तोच आहे. एचडी ६०० हा ३०० ओहमचा (हा त्याचा विजेला होणारा अडथळा, म्हणजे इम्पीडन्स), १ व्होल्टला साधारण ९७ डेसिबल देणारा. तुम्ही सरासरी ७५-८० डेसिबलवर ऐकत असाल तरी चांगल्या ध्वनिमुद्रणातल्या थापा आणि झटके त्याच्या २० डेसिबल वर जातात. थोडी मोकळी जागा धरून ११० डेसिबलची तयारी ठेवायची तर साडेचार व्होल्ट लागतात. म्हणजे ३०० ओहमला जेमतेम ६७ मिलीवॅट. पॉवर किरकोळ आहे, अडचण व्होल्टेजची आहे, आणि लॅपटॉपचा जॅक बहुतेक वेळा १ व्होल्टच्या पुढे जात नाही. खोक्यावर "३२ ओहमला १००० मिलीवॅट" असं मोठ्या अक्षरात छापतात, त्याला भुलू नका. त्याचे व्होल्ट काढले तर ५.६ येतात, आणि तेवढ्याच व्होल्टला तुमच्या ३०० ओहममध्ये १०७ मिलीवॅटच जातात. तुम्हाला ते पुरेसे आहेत, पण ३०० ओहमचा आकडा वेगळा दिला असेल तर तोच वाचा.

त्या काळात मी स्वतः एक अ‍ॅम्प बांधला होता. २०११ मध्ये नाव न सांगणाऱ्या एका इंजिनियरने ओ२ नावाच्या हेडफोन अ‍ॅम्पचं अख्खं सर्किट, सुट्या भागांची यादी, मोजमापं, सगळं फुकट जाहीर केलं. त्याला एसीच बाहेर देणारा अ‍ॅडॅप्टर लागतो आणि तसला इथल्या दुकानांत मिळत नाही, म्हणून आमच्याच गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याकडून १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. त्या पेटीचा मला आजही अभिमान आहे. ती दाजींच्या टेबलावर ठेवली, त्यांचाच डॅक, त्यांचाच हेडफोन, फक्त मधला छोटा अ‍ॅम्प काढला. मल्लिकार्जुन मन्सूरांची एक तान पूर्ण गेली आणि दाजी म्हणाले, "हे इथंच राहू दे आठवडाभर." पेटी अजून तिथेच आहे. श्रेय मात्र डॅकला! "डॅक चांगला म्हणून अ‍ॅम्पला वाव मिळाला" म्हणे.

मग मीच म्हटलं, डॅकचीही परीक्षा होऊन जाऊ दे. अ‍ॅपलचा तो छोटा शेपटीवाला हेडफोन अ‍ॅडॅप्टर असतो ना, यूएसबी-सीचा, त्याच्याही पोटात डॅकच असतो. दाजींचा डॅक आणि हा अ‍ॅडॅप्टर एकाच लॅपटॉपला जोडले आणि पॅनेलच्या एका रोटरी स्विचमधून दोन्ही माझ्या अ‍ॅम्पला दिले. डेस्कवरचा डॅक साधारण २ व्होल्ट सोडतो, तो अ‍ॅडॅप्टर १ व्होल्ट. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबलचा फरक, आणि थोडा मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला, जास्त मोकळा वाटतो. सगळी "करामत" इथे आहे. दुकानात डॅक बदलून ऐकवतात तेव्हा ही पातळी कुणीही जुळवत नाही. मी मीटर लावून, डॅकचा आवाज उतरवून, अ‍ॅम्पच्या जॅकवर दोन्हींचा आकडा एक केला. ५० हर्ट्झचा सूर मुद्दाम, कारण साधा मीटर त्याच फ्रीक्वेन्सीला खात्रीचा असतो.

भाचा पडद्याआड बसला. तो स्विच फिरवायचा आणि वहीत लिहायचा. गाणं दाजींनी निवडलेलं, वेळ त्यांना हवा तेवढा, कोणता डॅक वाजतोय एवढंच ओळखायचं. निम्म्या वेळा त्यांचं बरोबर आलं, निम्म्या वेळा चूक. वही बघून दाजी एवढंच म्हणाले, "तुझ्या मीटरला कान हायत काय?"

नाहीत. आणि वस्तूची किंमतही त्याला माहीत नसते, म्हणूनच लावला. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर वही माझ्याकडे आहे, परत कधीही बसू.

हाय-रेझचंही, म्हणजे सीडीपेक्षा मोठ्या दराच्या फाइलींचंही, तेच. सीडीचा आवाजाचे नमुने घ्यायचा ४४.१ किलोहर्ट्झचा दर २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडतो आणि माणसाचा कान २० ला संपतो, माझ्या वयात त्याच्याही बराच आधी. अल्लादियाखाँसाहेब इथल्याच दरबारचे गायक आणि केसरबाई त्यांच्या शिष्या, त्यामुळे केसरबाईंच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आमच्या घरात देवासारख्या. पण त्या १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ऐकून जास्त काही मिळत नाही. तबकडीत जे उतरलंच नाही ते डॅक कुठून आणणार?

तुमचा प्रश्न एकत्र की वेगळं हाही होता. एकत्र घ्या. फिओ, टॉपिंग, एसएमएसएल यांची डॅक आणि अ‍ॅम्प एकाच पेटीत असलेली मॉडेल्स मिळतात. ३०० ओहमला ७०-१०० मिलीवॅट, आउटपुट इम्पीडन्स (अ‍ॅम्पचा स्वतःचा अडथळा) १-२ ओहमच्या आत, एवढं बघून तुमच्या बजेटमधली घ्या. बॅलन्स्ड जॅकसाठी (दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारा) जास्तीचा एक रुपयाही देऊ नका. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा मोहही टाळा. त्यांतल्या बऱ्याच अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स मोठा असतो आणि एचडी ६०० चा स्वतःचा इम्पीडन्स १०० हर्ट्झच्या आसपास पाचशेच्या घरात चढतो, त्यामुळे खालचे सूर फुगतात. काहींना ते आवडतं. मला तबल्याचा बायाँ आहे तसाच ऐकायचाय.

डॅकने काहीच फरक पडत नाही असं मात्र नाही. लॅपटॉपच्या जॅकमधून माउस हलवला की चिरचिर ऐकू येत असेल तर बाहेरचा डॅक ती घालवतो, आणि स्वस्तातलाही घालवतो. चार्जर काढल्यावर गुणगुण थांबत असेल तर दोष बहुधा चार्जरचा आणि अर्थिंगचा. जुन्या पेठांतल्या घरांत सॉकेटला अर्थिंग नुसतं नावाला असतं. आधी वायरमन बोलवा, महागडी यूएसबी केबल घेऊ नका.

आणि हा सगळा हिशोब तुमच्या ३०० ओहमच्या हेडफोनचा आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स असता, ३८ ओहमचा, तर तो ११० डेसिबलला पाऊण व्होल्टही मागत नाही. त्याला अ‍ॅपलचा अ‍ॅडॅप्टर लॅपटॉपवर पुरतो आणि मी तुम्हाला काहीच घेऊ नका म्हटलं असतं. अँड्रॉइड फोनवर तोच अ‍ॅडॅप्टर बऱ्याचदा फार हळू वाजतो, तिथे तो धरू नका. पुढे कधी इअरफोन लावायचे असतील तर गेन (अ‍ॅम्प सिग्नल किती पट वाढवतो ते) कमी-जास्त करायचा खटका असलेलीच पेटी घ्या, नाहीतर बटण जरा हललं की कानात धाडकन आवाज येईल. ११० डेसिबल हे त्या क्षणभराच्या थापेसाठी आहे, तेवढ्यावर ऐकत बसायचं नाही. गणपतीत डॉल्बीसमोर नाचून कान घालवलेली पोरं मी आमच्या गल्लीत बघतोय.