लॉर्ड रॉबर्ट सेसिल, लॉर्ड क्रॅनबोर्न, लॉर्ड सॅलिसबरी : माणसे किती?

प्रश्न असा आहे : एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश राजकारणावर वाचताना ही तिन्ही नावे भेटतात. माणसे तीन की एक? आणि ‘लॉर्ड रॉबर्ट सॅलिसबरी’ लिहिले तर चालेल का?

माणूस एकच, दादाभाई नौरोजींना १८८८ मध्ये ‘काळा माणूस’ म्हणणारा पंतप्रधान तो हाच. आडनाव सेसिल (घराण्यातला उच्चार ‘सिसिल’). सॅलिसबरी ही पदवी. मार्क्विसच्या (ड्यूकखालोखालचा सरदारी दर्जा) धाकट्या मुलांना लॉर्ड, मग नाव, मग आडनाव असे म्हणतात, म्हणून १८६५ पर्यंत तो लॉर्ड रॉबर्ट सेसिल. त्या वर्षी थोरला भाऊ वारला आणि वारस म्हणून वडिलांची दुय्यम पदवी, व्हायकाउंट क्रॅनबोर्न, याच्याकडे आली. ती केवळ मानाची, त्यामुळे कॉमन्समधली (संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहातली) जागा टिकली. १८६६ मध्ये भारतमंत्री झाला तो लॉर्ड क्रॅनबोर्न. १८६८ मध्ये वडील गेले; तेव्हापासून तिसरे मार्क्विस, लॉर्ड सॅलिसबरी, आणि कॉमन्स सोडून लॉर्ड्समध्ये, म्हणजे सरदारांच्या सभागृहात. १८७४ चा भारतमंत्री सॅलिसबरी म्हणजे पुन्हा हाच.

‘लॉर्ड रॉबर्ट सॅलिसबरी’ मात्र सरळ चूक. पदवीपुढे ‘लॉर्ड’ आले की पाळण्यातले नाव गळते. आपला गोंधळ बहुधा कर्झनमुळे होतो, कारण तिथे आडनावच पदवीत आले. प्लेगच्या काळातले मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांचे आडनाव मॅन्सफील्ड होते, हे किती जणांच्या लक्षात असते?

‘तिसरे’ ही मोजणी मार्क्विसपदाची, ते १७८९ पासूनचे. त्याआधी हे घराणे अर्ल, म्हणजे मार्क्विसहून एक पायरी खाली, होते. एलिझाबेथ राणीचा सचिव विल्यम सेसिल १५७१ मध्ये लॉर्ड बर्ली झाला; त्याचा मुलगा १६०३ पर्यंत सर रॉबर्ट सेसिल, आणि १६०५ मध्ये सॅलिसबरीचा पहिला अर्ल. म्हणून १६०० च्या प्रसंगात त्याला ‘लॉर्ड सॅलिसबरी’ म्हणू नये.

सगळ्यात फसवे नाव ‘लॉर्ड रॉबर्ट सेसिल’. पंतप्रधानांच्या मुलाचेही हेच नाव : राष्ट्रसंघाचा पुरस्कर्ता, १९३७ चा शांतता नोबेल विजेता. १९२३ पासून मात्र तो व्हायकाउंट सेसिल, म्हणजे नुसता ‘लॉर्ड सेसिल’. त्याआधी त्याची पत्नी, नवऱ्याच्याच नावाने, ‘लेडी रॉबर्ट सेसिल’ होती. तिथे ‘रॉबर्ट’ पाहून कोणी छपाईची चूक समजून दुरुस्त करू नये. सूचीत दोघांपुढे जन्मवर्ष द्यावे : १८३० आणि १८६४.