२ टक्क्यांच्या आधी ४५ दिवसांचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणारा तुमचा छोटा कारखाना आहे, कायम आणि कंत्राटी मिळून ३४ माणसे कामाला आहेत, वर्षाची विक्री चार कोटींच्या आसपास आहे आणि यंदा प्रथमच बऱ्यापैकी नफा झाल्यामुळे त्यातील २ टक्के रक्कम गावच्या शाळेला द्यावी असे तुम्हाला वाटते, धाकटे बंधू मात्र ‘आपण कारखाना काढला आहे, धर्मशाळा नाही’ असे म्हणून अडून बसले आहेत. याच व्यवसायात सव्वीस वर्षे काढल्यावर मला असे वाटते की तुम्ही दोघेही चुकीच्या रकान्याकडे पाहत आहात.

२ टक्क्यांचा आकडा कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ मधून आला आहे. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, असे ते कलम सांगते. तुमचा आणि माझा त्याच्याशी संबंध नाही. मात्र केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही, ही त्यातील अट लक्षात घेण्याजोगी आहे. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ती योग्यच आहे, नाहीतर कँटीनचा खर्चही समाजसेवा म्हणून दाखवला गेला असता. परंतु तिच्यामुळे आपल्यासारख्या लहान उद्योजकांच्या मनात सामाजिक जबाबदारी म्हणजे कारखान्याच्या कुंपणाबाहेर दिलेली देणगी, अशी समजूत घट्ट होऊन बसली आहे.

आता तुमच्याच आकड्यांवर थोडा हिशेब करू. चार कोटींवर सहा टक्के नफा धरला, तर तो चोवीस लाख होतो आणि त्याचे २ टक्के म्हणजे ४८ हजार रुपये. दुसऱ्या बाजूला, कच्चा माल आणि जॉबवर्क (बाहेरच्या छोट्या कारखानदारांकडून करून घेतलेले काम) मिळून महिन्याला पंधरा लाखांची खरेदी धरा. ‘सगळेच करतात’ म्हणून तुम्ही पुरवठादारांना कायद्याने ठरवलेल्या ४५ दिवसांऐवजी ९० दिवसांनी पैसे देत असाल, तर दीड महिन्याची खरेदी, म्हणजे साडेबावीस लाख रुपये, कायम त्यांचेच तुमच्याकडे वापरात राहतात. बारा टक्के दराने त्याचे वर्षाचे व्याज २ लाख ७० हजार होते. ते व्याज तुमच्याऐवजी दोन लेथ यंत्रे घेऊन बसलेला जॉबवर्कवाला भरत असतो आणि अनेकदा बँकेच्या दराने नव्हे, तर सावकाराच्या दराने भरत असतो. त्याच्याकडून पावणेतीन लाख घेऊन शाळेला ४८ हजार देण्याला काय म्हणावे, ते तुम्हीच ठरवा.

हे मी उंचावरून सांगत नाही. २००९ साली मंदीत एका मोठ्या ग्राहकाने माझे पैसे चार महिने अडकवले आणि मी तोच ताण जसाच्या तसा खालच्या माणसांवर ढकलला. त्याच वर्षी मी गावच्या सभागृहाला देणगी दिली होती आणि तेथे माझ्या नावाची संगमरवरी पाटीही बसली होती. दिवाळीनंतर कळले की माझ्याकडे जॉबवर्क करणाऱ्या एकाने कामगारांचा बोनस भागवण्यासाठी घरातले दागिने गहाण टाकले होते. त्याने माझ्याकडे तक्रार केली नाही, कारण तक्रार केली तर पुढचे काम जाईल हे त्याला माहीत होते. ती पाटी आजही तेथे आहे आणि मी तिकडे जाणे टाळतो.

कायदाही या बाबतीत जॉबवर्कवाल्याच्याच बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. २०२३च्या वित्त कायद्याने त्यात भर पडली आहे: मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, ती प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच वजा मिळते. वरचे साडेबावीस लाख मुदत उलटून ३१ मार्चला थकलेले असतील आणि कराचा दर पंचवीस टक्क्यांच्या घरात असेल, तर साडेपाच लाखांहून अधिक कर तुम्हाला वर्षभर आधी भरावा लागेल. बंधूंना हा आकडा आधी दाखवा. धर्मशाळेचा मुद्दा आपोआप मागे पडेल.

‘ग्राहकच ९० दिवसांनी देतो, मग मी ४५ दिवसांत कोठून देऊ?’ हा प्रश्न रास्त आहे. माझा उपाय साधा होता. मधल्या दिवसांच्या बँक व्याजाची रक्कम काढून मी ती पुढच्या कोटेशनमध्ये धरली. त्यामुळे एक मोठी ऑर्डर हातची गेली आणि पुढील आठ महिने दोन मशीन अर्धवेळ बंद होती, हे लपवण्यात अर्थ नाही. आता २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स या बिल वटवण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदणी करावी लागते, त्यामुळे तुमच्या मोठ्या ग्राहकाला तेथे बिल स्वीकारण्याची विनंती करता येईल. तो स्वीकारेलच असे नाही, पण विचारण्यात संकोच बाळगू नका.

कामगारांच्या बाबतीतही हाच रकाना तपासा. ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने दिला जातो की ‘सिंगल’? भविष्यनिर्वाह निधी पूर्ण वेतनावर कापला जातो की मूळ वेतन लहान दाखवून उरलेले भत्त्यांत टाकले आहे? सरसकट सर्वांना मिळणारे भत्ते निधीसाठी वेतनात धरावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. कंत्राटदाराची माणसे तुमच्याच प्रेस यंत्रावर बोटे घालून काम करत असतील, तर त्यांचा विमा भरला जातो की नाही, हे ‘कंत्राटदार बघेल’ म्हणून सोडता येत नाही. ग्राइंडिंगच्या जागी धूळ ओढणारे यंत्र नसेल, तर शाळेच्या आधी ते घ्या.

येथे किर्लोस्करवाडी आठवते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडलजवळच्या ओसाड माळावर कारखाना उभारला आणि त्याबरोबर वसाहतही उभी राहिली. आपण तिच्याकडे औदार्य म्हणून पाहतो. पण राहायला घर आणि प्यायला पाणी नसते, तर त्या माळावर कोणता कारागीर टिकला असता? वसाहत कारखान्याच्याच खर्चाचा भाग होती, नफ्यातून काढलेला वाटा नव्हती.

बंधूंच्या म्हणण्यातील खरा भाग मात्र सोडू नका. तोट्यातला कारखाना सर्वांत आधी भविष्यनिर्वाह निधीचा भरणा थकवतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. म्हणून देणी वेळेवर चुकती होऊ लागल्यानंतर तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम बाजूला ठेवा. त्याला दोन-तीन वर्षे लागतील आणि तेवढा काळ शाळा थांबली तरी चालेल.

तरीही गावासाठी काही करण्याची तळमळ असेल, तर जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन प्राचार्यांना भेटा. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, त्यामुळे तुम्हाला एक तरी घ्यावाच लागेल. तो गावातला निवडा, एकाऐवजी दोन घ्या आणि पहिले सहा महिने त्यांना झाडू न देता अचूक मोजमापाचे मायक्रोमीटर द्या. शाळेला द्यायच्या ४८ हजारांत त्यांच्या विद्यावेतनाचा काही भार उचलला जाईल.

शेवटी एक विनंती: उद्या लेखापालाकडून ४५ दिवसांपेक्षा जुन्या देण्यांची यादी मागवा. त्यात सर्वांत लहान रक्कम कोणाची आहे ते पाहा आणि ती आधी चुकती करा.