पदवीनंतरचं शिक्षण: थेरपिस्टविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: थेरपिस्टला त्याच्या शिक्षणाबद्दल विचारलं तर उद्धटपणा वाटेल का?

उत्तर: अजिबात नाही. पदवी कशातली, कोणत्या उपचारपद्धतीचं प्रशिक्षण घेतलं, ते कुणाच्या देखरेखीखाली, व्यावसायिक नोंदणी आहे का, हे पहिल्या फोनवरच विचारा. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली क्लायंटबरोबर काम करत घेतलेलं प्रशिक्षण, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि एवढ्या प्रश्नांवर कुणी चिडलं, तर त्याच्यासमोर मन मोकळं करणं पुढेही जडच जाईल.

प्रश्न: एक थेरपिस्ट पंचवीस वर्षं काम करतात, दुसरी नवी आहे. अनुभवीच चांगले ना?

उत्तर: अनुभवानं हात बसतो, हे आपण गृहीतच धरतो. मानसशास्त्रज्ञ सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2016 साली 170 थेरपिस्ट आणि त्यांच्या साडेसहा हजारांहून अधिक क्लायंटची माहिती तपासली. वर्षं वाढत गेली तशी परिणामकारकता सरासरीनं वाढली नाही, उलट अगदी किंचित घटली. काही थेरपिस्ट मात्र सुधारत गेले होते.

असं का होत असावं? मला वाटतं, आपलं कुठे चुकतंय हे या कामात सहजासहजी कळत नाही. ज्याला उपयोग झाला नाही, तो बहुधा भांडत नाही, यायचा थांबतो. म्हणून मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्बर्ट यांचं काम मला मोलाचं वाटतं. क्लायंटकडून नियमितपणे छोटी प्रश्नावली भरून घ्यायची आणि कुणाची तब्येत घसरत असेल तर थेरपिस्टला वेळीच सावध करायचं; अशा क्लायंटना त्याचा फायदा झाल्याचं त्यांना दिसलं. थेरपिस्ट म्हणून मीही प्रश्नावली वापरते. कधीकधी कागदावरचं उत्तर आणि माझा अंदाज जुळत नाही. तेव्हा मी कागदावर विश्वास ठेवते.

शिवाय ज्ञान बदलत असतं. मोठ्या आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत, घडलेलं सगळं तपशिलात बोलायला लावावं असं एकेकाळी सर्रास शिकवत. पुढच्या चाचण्यांत दिसलं की त्यानं पीटीएसडी (आघातानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास) टळत नाही, काहींचा त्रास तर वाढू शकतो. जे जुन्या शिक्षणावरच थांबले, ते आजही अत्यंत चांगल्या हेतूनं तेच करत असतील. ही गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करते.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती, उभी करणारे अॅरन बेक मुळात मनोविश्लेषक, म्हणजे फ्रॉइडच्या पद्धतीनं उपचार करणारे, होते. नैराश्यात राग स्वतःवर उलटतो, या फ्रॉइडच्या मताला पुरावा मिळावा म्हणून त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासली. त्यांत रागाऐवजी हरल्याचे, गमावल्याचे विषय सापडले, आणि बेक यांनी आपली वाट बदलली. तेव्हा वर्षं मोजण्याऐवजी असं विचारा: गेल्या काही वर्षांत तुम्ही कामात काय बदललंत?

प्रश्न: माझी थेरपिस्ट तिच्या सुपरव्हायझरशी माझ्या केसबद्दल बोलते. मग गोपनीयता कुठे राहिली?

उत्तर: सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे थेरपिस्ट आपल्या कामाबद्दल जाणत्या थेरपिस्टशी करते त्या चर्चेत, नाव आणि ओळख पटेल असे तपशील शक्यतो वगळले जातात, आणि सुपरव्हायझरवरही गोपनीयतेचं बंधन असतं. तिथे चर्चा बरीचशी थेरपिस्टची होते: ती कुठे घाईला आली, कुठला विषय तिनं टाळला. हे तिनं तुम्हाला सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. राहून गेलं असेल तर पुढच्या भेटीत नक्की विचारा.

प्रश्न: घटस्फोट घेऊ की नको, हे माझे थेरपिस्ट सांगतच नाहीत. त्यांना मत नसतं का?

उत्तर: असतं. लग्न, धर्म, पैसा या सगळ्यांविषयी आम्हाला मतं असतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. निर्णयाचे परिणाम तुम्ही भोगणार आहात, त्यामुळे निर्णयाचा हक्कही तुमचाच. पण घरात मारहाण होत असेल तर चित्र वेगळं. तिथे थेरपिस्टनं गप्प बसू नये. सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोलावं.

प्रश्न: तुम्ही स्वतः थेरपी घेतली आहे का?

उत्तर: हो, आणि गरज वाटली की पुन्हा घेते. मनोविश्लेषकानं दर पाच वर्षांनी स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं, असं फ्रॉइडनं 1937 मध्येच सुचवलं होतं. सर्वच पद्धतींत याची सक्ती नसते. मला मात्र समोरच्या खुर्चीत बसल्यावर कळलं की पहिलं वाक्य बोलायला किती धीर लागतो, आणि तेव्हापासून पहिल्या भेटीत मी कुणालाही घाई करत नाही.