उतारवयातल्या खेळाडूंचा सौदा कसा तोलायचा?

प्रश्न : २०१३ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स ब्रुकलिन नेट्सला दिले. हा एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला सर्वांत एकतर्फी सौदा होता असं नेहमी ऐकू येतं. नेमकं काय दिलं-घेतलं गेलं? त्या दिवशीही तो एवढा एकतर्फी होता का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : २७ जून २०१३ ला, ड्राफ्टच्या (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात, त्यात सहसा कमकुवत संघांचा क्रमांक आधी येतो) रात्री बोलणी पक्की झाली आणि १२ जुलैला सौदा अधिकृत झाला. ब्रुकलिनला गार्नेट (वय ३७), पिअर्स (३५), जेसन टेरी (३५) आणि डी. जे. व्हाइट मिळाले. बॉस्टनकडे जेराल्ड वॉलेस, क्रिस हम्फ्रीज, मार्शॉन ब्रूक्स, कीथ बोगन्स आणि क्रिस जोसेफ आले. शिवाय २०१४, २०१६ आणि २०१८ च्या ड्राफ्टमधले नेट्सचे पहिल्या फेरीचे हक्क, आणि २०१७ मध्ये वाटल्यास आपला हक्क देऊन नेट्सचा घेण्याची मुभा.

एकाआड एक वर्षं का, तर पुढच्या लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क देऊन टाकायला लीगची मनाई आहे. स्टेपियन नियम म्हणतात तो हाच. अदलाबदल मात्र त्यात बसते, म्हणून २०१७ साठी ती वाट काढली.

बोगन्सचं नाव यादीत कशाला, हेही बघण्यासारखं आहे. नेट्स लक्झरी टॅक्सच्या (पगारांची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास संघाने भरायचा कर) रेषेच्या वर होते. अशा संघाला जेवढा पगार बाहेर पाठवला त्याच्या १२५ टक्के अधिक १ लाख डॉलर, एवढाच पगार आत घेता येत असे. तिघा ताऱ्यांचे पगार मिळून सुमारे ३.३ कोटी डॉलर भरत होते. बेरीज जमेना, तेव्हा बोगन्सला सुमारे ५० लाख डॉलरचा करार देऊन त्याच सौद्यात पाठवलं. त्याच्या खेळाशी या आकड्याचा काही संबंध नव्हता.

त्या रात्री सौदा आजच्याइतका एकतर्फी दिसत नव्हता. बॉस्टनने वॉलेसचा तीन वर्षांचा, साधारण ३ कोटी डॉलरचा जड करार गळ्यात घेतला होता. आदल्या हंगामात ४९ सामने जिंकलेल्या नेट्सचे हक्क पंचविशीच्या आसपासच्या क्रमांकाचे निघतील, असा अंदाज बांधणं वावगं नव्हतं. धोका दुसरीकडे होता : हक्कांना कसलंच प्रोटेक्शन (फार वरचा क्रमांक निघाल्यास हक्क स्वतःकडे राखण्याची अट) नव्हतं, आणि २०१६ ते २०१८ या काळात गार्नेट-पिअर्स नेट्ससाठी खेळत नसणार हे जन्मतारखा बघून कुणालाही कळलं असतं.

प्रश्न : नेट्स आमच्या न्यू जर्सीतून ब्रुकलिनला गेले तरी आम्ही त्यांचेच. पहिल्याच वर्षी आम्ही टोरांटोला हरवलं. मग सौदा पूर्ण फसला असं का म्हणायचं?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, टोरांटोविरुद्धच्या सातव्या सामन्यात शेवटच्या क्षणी पिअर्सने काइल लाउरीचा फटका अडवला आणि नेट्स १०४-१०३ ने जिंकले. तेवढाच या सौद्याचा कळस. पुढच्या फेरीत मायामीने ४-१ असं घरी पाठवलं. हंगामात ४४ विजय, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा पाच कमी.

ब्रूक लोपेझ १७ सामने खेळून पायाच्या दुखापतीने बाहेर गेला, हे दुर्दैव खरं. पण गार्नेटची सरासरी ६.५ गुणांवर आली त्याला दुर्दैव म्हणता येत नाही. सदतिशीत ते व्हायचंच. टेरी त्याच हंगामात सॅक्रामेंटोला गेला. पिअर्स २०१४ च्या उन्हाळ्यात करार संपताच वॉशिंग्टनला गेला आणि नेट्सच्या हाती त्याच्या बदल्यात काही लागलं नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये गार्नेट देऊन मिनेसोटाकडून थॅडिअस यंग घेतला, तेवढी वसुली. पहिल्या हंगामाचा लक्झरी टॅक्सच सुमारे ९ कोटी डॉलर होता. प्लेऑफची एक फेरी या भावाला फार महाग पडली.

प्रश्न : बॉस्टनचा नफा मोजताना जेसन टेटम धरायचा का? तो तर नेट्सच्या हक्कावर घेतलेलाच नाही. आणि कायरी अर्विंग? साखळी कुठे तोडायची?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी एकेक हक्क शेवटपर्यंत नेऊ.

२०१४ : १७ वा क्रमांक, जेम्स यंग. तीन हंगाम बॉस्टनमध्ये राहिला, जम बसला नाही. जवळपास शून्य.

२०१६ : नेट्स २१-६१ (विजय-पराभव). तिसरा क्रमांक, जेलन ब्राउन. थेट नफा, वाद नाही.

२०१७ : नेट्स २०-६२, लीगमध्ये सर्वांत खाली, बॉस्टन ५३-२९, पूर्व विभागात अव्वल. बॉस्टनने आपला २७ वा क्रमांक देऊन पहिला घेतला. अदलाबदलीची किंमत अशी दोन्ही संघांच्या जागेवर ठरते. बॉस्टनही तळाला असता तर ही मुभा कवडीमोल होती. मग बॉस्टनचा कारभार पाहणाऱ्या डॅनी एंजने पहिला क्रमांक फिलाडेल्फियाला दिला, बदल्यात तिसरा आणि पुढचा एक पहिल्या फेरीचा हक्क घेतला. फिलाडेल्फियाने मार्केल फुल्ट्झ उचलला, बॉस्टनने टेटम. पुढचा तो हक्क २०१९ मध्ये १४ वा निघाला, त्यावर रोमिओ लँगफर्ड आला, आणि २०२२ मध्ये डेरिक व्हाइटसाठी सॅन अँटोनिओला जे दिलं त्यात लँगफर्डही होता.

२०१८ : हा हक्क ऑगस्ट २०१७ मध्येच आयझेया थॉमस, जे क्राउडर आणि अँटे झिझिच यांच्यासोबत अर्विंगसाठी क्लीव्हलँडला गेला. तो आठवा निघाला, कॉलिन सेक्स्टन.

साखळी तोडण्याचा नियम साधा ठेवावा. हक्काच्या बदल्यात फक्त हक्क आले असतील तर पुढे जायचं. म्हणून टेटम धरायचा. दुसऱ्या वाटेने आलेले खेळाडू त्यात मिसळले की तिथे थांबायचं आणि मूळ हक्काचा वाटा अंदाजे काढायचा. अर्विंगच्या सौद्यात थॉमस आणि क्राउडर ही बॉस्टनची वेगळी कमाई होती, त्यामुळे अख्खा अर्विंग २०१३ च्या खात्यावर टाकणं चूक. तो २०१९ मध्ये सोडून गेला, आणि गेला तो नेट्समध्येच, त्याचा तोटाही त्या खात्यावर टाकू नये. डेरिक व्हाइटचंही तसंच. त्याच्यासाठी जॉश रिचर्डसन आणि बॉस्टनचे स्वतःचे हक्कही गेले होते, तेव्हा इथून मिळाला तो केवळ हातभार.

सगळ्यांत जास्त विसरली जाणारी बाजू म्हणजे सौदा केलाच नसता तर काय झालं असतं. पिअर्सच्या करारातल्या सुमारे १.५ कोटी डॉलरपैकी ५० लाखच हमीचे होते. ३० जूनपूर्वी बॉस्टन त्याला एवढ्यावर मोकळं करू शकत होतं. गार्नेटच्या करारात परवानगीशिवाय न पाठवण्याची अट होती, ती त्याने स्वतः सोडली. म्हणजे बॉस्टनच्या हातून जे गेलं ते मुळात थोडं होतं, आणि हेच नफ्याचं गमक. २०२४ मध्ये बॉस्टनने डॅलसला ४-१ ने हरवून विजेतेपद घेतलं तेव्हा अंतिम मालिकेचा मानकरी ब्राउन होता. पण त्या करंडकाचं सगळं श्रेय सौद्याला देऊ नका. टेटमला तिसऱ्या क्रमांकावर ओळखणं ही निवडसमितीची नजर. सौद्याने फक्त जागा मिळवून दिली. मूळचा पहिला क्रमांक दुसऱ्या हातात असता तर फुल्ट्झच घेतला गेला असता, हेही शक्य होतं.

प्रश्न : प्रोटेक्शन म्हणजे काय? त्याने नेट्स वाचले असते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बरेच. प्रोटेक्शन म्हणजे हक्क ठरावीक क्रमांकाच्या आत निघाला तर तो मूळ संघाकडेच राहतो आणि देणं पुढच्या वर्षावर ढकललं जातं. २०१२ मध्ये लेकर्सने ३८ वर्षांचा स्टीव्ह नॅश फिनिक्सकडून घेतला तेव्हा दिलेल्या हक्कांपैकी एकाला अशी अट होती. २०१५ मध्ये तो पहिल्या पाचांत असेल तर राखायचा, पुढची दोन वर्षं पहिल्या तिनांत असेल तर. नॅश दोन हंगामांत ६५ सामने खेळला, संघ कोसळला, पण लेकर्सने त्या तिन्ही वर्षी आपले हक्क राखले आणि अखेर २०१८ मध्ये दहावा क्रमांक दिला. नेट्सने २०१६ आणि २०१७ ला तिनांपर्यंतचं प्रोटेक्शन मागितलं असतं, तर ब्राउन आणि टेटम ज्या क्रमांकांतून आले ते क्रमांक त्यांच्याकडेच राहिले असते. अर्थात तेव्हा एंजने बदल्यात दुसरं काही मागितलंच असतं.

प्रश्न : मग तिशी ओलांडलेला खेळाडू घेऊच नये?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर घ्यावा. २००७ मध्ये याच बॉस्टनने ३१ वर्षांचा गार्नेट आणि त्याच वयाचा रे ॲलन आणला, २४ विजयांवरून ६६ वर उडी मारली आणि २००८ चं विजेतेपद घेतलं. एकतीस आणि सदतीस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बघायचं ते इतकंच की तुम्ही दिलेले हक्क त्या खेळाडूच्या चांगल्या वर्षांतले आहेत की नंतरचे. नंतरचे असतील तर दुहेरी फटका बसतो. खेळाडू उतरतो म्हणून संघ पडतो, आणि संघ पडतो म्हणून दिलेला हक्क महाग होतो.

नेट्सने २०२१ मध्ये जेम्स हार्डनसाठी ह्यूस्टनला पुन्हा बिनप्रोटेक्शनचे तीन हक्क आणि चार अदलाबदली दिल्या. हार्डन साधारण तेरा महिन्यांत निघून गेला. २०२५ ची अदलाबदल आणि २०२६ चा स्वतःचाच हक्क त्यांनी २०२४ मध्ये फिनिक्सचे हक्क देऊन ह्यूस्टनकडून सोडवून घेतला.