१:१ न येणारे मार्कर नकाशातून काढून टाकावेत का?

तुम्ही विचारलंय की भाताच्या २०० डीएच (दुहेरी हॅप्लॉइड, म्हणजे परागकणांपासून वाढवून गुणसूत्रं दुप्पट केलेल्या, पूर्ण शुद्ध) ओळींत बरेच मार्कर (गुणसूत्रावरच्या ओळखखुणा) १:१ येत नाहीत, म्हणजे दोन्ही पालकांचे प्रकार निम्मे-निम्मे मिळत नाहीत, तर ते वगळून जनुकीय नकाशा करावा का. सरसकट वगळू नका, अशी कळकळीची विनंती. बिघडलेलं प्रमाण ही बहुतेकदा त्या संकराबद्दलची खरी माहिती असते.

आधी ते मार्कर गुणसूत्रावर कुठे बसतात ते बघा. आजूबाजूचे सगळे नीट आणि मध्येच एकटा बिघडलेला असेल, तर जीनोटायपिंगची (मार्कर वाचण्यातली) चूक धरा आणि तो खुशाल काढा. पण सलग पट्टाच एका पालकाकडे झुकला असेल आणि झुकाव दोन्ही बाजूंना हळूहळू ओसरत असेल, तर तिथे निवड झाली आहे. परागकोश संवर्धनात ज्यांच्यापासून रोपं सहज उभी राहतात तेच टिकतात, म्हणून डीएचमध्ये हे नेहमी दिसतं. इंडिका आणि जॅपोनिका या भाताच्या दोन उपजातींच्या संकराची एफ२ (दुसरी पिढी) असती तर मी आधी सहाव्या गुणसूत्रावरचं एस-५ हे वंध्यत्वाचं स्थान तपासलं असतं. तिथे जॅपोनिकाचा अ‍ॅलील (जनुकाचा प्रकार) असलेले भ्रूणकोश मरतात. आणि हो, १००० मार्करांना ०.०५ या सार्थकता पातळीची कसोटी लावली तर सुमारे ५० निव्वळ योगायोगानेच 'बिघडलेले' निघतील.

निवड एकाच जागी असेल तर डीएचमध्ये मार्करांमधली अंतरं चुकत नाहीत. खरा धोका दोन जागी निवड असताना. समजा, वेगवेगळ्या गुणसूत्रांवरचे दोन मार्कर, दोन्हींत एकाच पालकाचं प्रमाण ८० टक्के. काही संबंध नसतानाही ओळी १२८, ३२, ३२, ८ अशा पडतील. पुनर्संयोजित (दोन मार्करांना दोन वेगळ्या पालकांचे प्रकार असलेल्या) ओळी ६४, म्हणजे ०.३२, आणि नेहमीचा एलओडी (मार्कर एकमेकांशी जोडलेले असल्याच्या पुराव्याचा आकडा) जवळजवळ ५.८! दोन गुणसूत्रं एकाच गटात चिकटली. याच आकड्यांवर स्वातंत्र्याची काय-वर्ग चाचणी लावा, उत्तर शून्य येतं, कारण ती १:१ गृहीतच धरत नाही. जॉइनमॅप या नकाशा बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गट पाडायला हा स्वातंत्र्याचा एलओडी मिळतो, तोच वापरा.

मी आधी नीट मार्करांचा सांगाडा उभारते, मग बिघडलेले एकेक घालते. जुना क्रम हलला किंवा नकाशा अचानक लांबला, तर तो मार्कर बाहेर. भाताचा जीनोम उपलब्ध आहे, त्यामुळे क्रम त्याच्याशीही ताडून बघा.

पुढे क्यूटीएल (उंची, उत्पादन अशा मोजता येणाऱ्या गुणांवर परिणाम करणारी गुणसूत्रावरची जागा) शोधणार असाल, तर १६०:४० अशा पट्ट्यात लहान गटामुळे ताकद घटते. तिथे काही सापडलं नाही म्हणून तिथे क्यूटीएल नाहीच, असं लिहू नका.